लिनक्समध्ये रॅमचा एक पट्टा कर्नलपासून राखून कसा ठेवायचा

झेडबोर्ड नावाच्या डेव्हलपमेंट बोर्डावर झिंक-७००० ही चिप आणि ५१२ एमबी डीडीआर३ रॅम असते. चिपच्या एका भागात एआरएमचे दोन कोर आहेत, दुसऱ्या भागात एफपीजीए, म्हणजे ज्यात हवे ते सर्किट बसवता येते असा भाग. समजा, एफपीजीएमध्ये आपण असे सर्किट बसवले की ते सेन्सरकडून येणारे नमुने थेट रॅममध्ये लिहीत जाते. त्या सर्किटला प्रोसेस, पेज टेबल, व्हर्च्युअल ॲड्रेस यांतले काहीच ठाऊक नसते. त्याला फक्त एक आकडा दिलेला असतो: या फिजिकल ॲड्रेसपासून पुढे लिही. त्याच जागी लिनक्सने एखाद्या प्रोग्रॅमचा स्टॅक किंवा फाइलचा कॅशे ठेवला असेल, तर सर्किट तो पुसून टाकते. मग बोर्ड कधी दोन मिनिटांत पडतो, कधी दोन दिवसांनी, आणि दरवेळी वेगळ्याच प्रोग्रॅममध्ये. असा दोष लॉग वाचून सापडत नाही, कारण ज्याने चूक केली त्याचे नाव लॉगमध्ये कुठेच नसते.

म्हणून रॅमचा एक सलग पट्टा कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) व्यवहारातून बाजूला काढावा लागतो. तो काढायच्या वाटा बऱ्याच आहेत आणि त्यांची नावे एकमेकांसारखी आहेत. पण ‘राखीव’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात, आणि पुढचे जवळजवळ सगळे घोटाळे त्या तिघींची गल्लत झाल्याने होतात.

शेतजमिनीच्या भाषेत सांगायचे तर असे. पहिला प्रकार: जमीन नावावर आहे, तिची मोजणी झाली आहे, पण सातबाऱ्यावर ती पोटखराबा म्हणून नोंदली आहे. मालक तिथे पेरणी करत नाही, तरी बांधावरून तिथे पाय टाकू शकतो. दुसरा: ती जमीन आपल्या सातबाऱ्यावरच नाही, तिथे जायची पाऊलवाटही नाही. तिसरा: जमीन आपलीच, पण गरज लागेपर्यंत खंडाने दिलेली. कर्नलच्या बाबतीत पहिल्याला राखीव पण मॅप केलेली मेमरी म्हणता येईल, दुसऱ्याला नो-मॅप, आणि तिसऱ्याचे नाव सीएमए (कंटिग्युअस मेमरी ॲलोकेटर). आपल्याला यातले नेमके काय हवे, हे कर्नलच्या कमांड लाइनला (बूटच्या वेळी त्याला दिल्या जाणाऱ्या पर्यायांच्या ओळीला) हात लावण्याआधी ठरले पाहिजे.

एक खुलासा: पुढच्या सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत द्यायच्या.

हे काम बूटच्या वेळीच का करावे लागते

मशीन सुरू झाल्यावर किती रॅम आहे हे कर्नल स्वतः मोजत नाही. त्याला तयार नकाशा मिळतो. पीसीवर तो फर्मवेअरकडून येतो. जुन्या बायॉसमध्ये ई८२० नावाच्या कॉलमधून, यूईएफआयमध्ये त्याच्या मेमरी मॅपमधून. एआरएमच्या बोर्डांवर बहुधा डिव्हाइस ट्रीतून, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलीतून. डीमेसगच्या (कर्नलच्या लॉगच्या) सुरुवातीच्या ओळींत ‘बायॉस-ई८२०’ असे लिहून पुढे पत्त्यांच्या जोड्या आणि ‘युजेबल’, ‘रिझर्व्ह्ड’, ‘एसीपीआय डेटा’ असे शेरे दिसतात, तोच हा नकाशा.

तो हाती आल्यावर मेमब्लॉक नावाचा साधा हिशेबनीस काम सुरू करतो. त्याच्याकडे दोनच याद्या असतात: एकूण मेमरी कोणती, आणि त्यातली अडवलेली कोणती. कर्नलचा स्वतःचा कोड, इनिटआरडी (बूटच्या वेळची तात्पुरती फाइलसिस्टिम), डिव्हाइस ट्री या गोष्टी दुसऱ्या यादीत जातात. थोड्या वेळाने पहिल्या यादीतून दुसरी वजा केली जाते आणि उरलेले प्रत्येक पेज बडी ॲलोकेटरच्या, म्हणजे पुढे रॅम वाटणाऱ्या यंत्रणेच्या, ताब्यात जाते. मेमब्लॉकचे काम तिथे संपते.

आपली संधी या वजाबाकीपर्यंतच असते. एकदा पेजेस बडीकडे गेली की ‘अमुक पत्त्यापासून ६४ एमबी मला दे’ असे सांगायची सरळ सोय नाही. बडी जागा देतो, पण पत्ता तोच निवडतो. शिवाय नेहमीच्या मांडणीत तो एका वेळी जास्तीत जास्त १,०२४ पेजेस, म्हणजे ४ केबीच्या पेजने ४ एमबी, इतकाच सलग तुकडा देऊ शकतो. मशीन काही दिवस चालले की तेवढाही मिळेल याची खात्री नसते. /प्रोक/बडीइन्फो उघडून पाहा. उजवीकडचे रकाने मोठ्या तुकड्यांचे असतात, आणि कामात असलेल्या मशीनवर ते शून्याकडे झुकलेले दिसतात.

आधी विचारायचे प्रश्न

राखीव मेमरी मागणाऱ्या बऱ्याच जणांना तिची गरज नसते. डिव्हाइसला सलग बफर हवा पण पत्ता कोणताही चालतो, असे असेल तर ड्रायव्हरमधून डीएमए अलॉक कोहिरंट या फंक्शनने तो मागावा (डीएमए म्हणजे डिव्हाइसने प्रोसेसरला मध्ये न घेता थेट रॅम वापरणे) आणि मागे सीएमए ठेवावा. डिव्हाइस तुकड्यातुकड्यांत लिहू शकत असेल, किंवा मध्ये आयओएमएमयू (डिव्हाइसने दिलेले पत्ते फिजिकल पत्त्यांत बदलणारे हार्डवेअर) असेल, तर सलग जागेचाही आग्रह धरायचे कारण नाही.

खरी राखीव मेमरी लागते ती अशा वेळी: डिव्हाइसमध्ये किंवा दुसऱ्या कोरवर चालणाऱ्या फर्मवेअरमध्ये पत्ता कायमचा कोरलेला आहे, दुसऱ्या कोरवर वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम चालते, सिक्युअर वर्ल्डने (एआरएम प्रोसेसरच्या वेगळ्या, संरक्षित विभागाने) काही भाग स्वतःकडे घेतला आहे, रीबूटनंतरही डेटा त्याच जागी सापडायला हवा, किंवा रॅमचा तेवढा भाग खराब आहे.

मेम= : सोपा, पण पीसीवर फसवा

झेडबोर्डवर रॅम शून्यापासून सलग आहे. कमांड लाइनवर ‘मेम=४४८एम’ दिले की कर्नल ४४८ एमबीलाच पूर्ण रॅम मानतो आणि वरचे ६४ एमबी त्याच्या हिशेबातच येत नाहीत. चाचणीपुरते हे उत्तम आहे.

पीसीवर मात्र हाच पर्याय वेगळा वागतो. एक्स८६ मध्ये मेम= म्हणजे रॅमचे एकूण प्रमाण नव्हे, तर पत्त्याची वरची मर्यादा. ८ जीबीच्या मशीनवर ४ जीबीच्या खाली पीसीआय डिव्हाइसेससाठी मोकळी जागा सोडलेली असते. समजा रॅम ० ते ३ जीबी आणि ४ ते ९ जीबी अशी विभागली आहे. १ जीबी बाजूला काढायचा म्हणून ‘मेम=७जी’ दिले, तर कर्नलकडे ० ते ३ आणि ४ ते ७, म्हणजे ६ जीबीच राहतात. एकाऐवजी दोन जीबी गेले. आणखी वाईट म्हणजे, ७ जीबीच्या वर रॅम आहे हे कर्नल विसरला, तर ती जागा रिकामी समजून तो एखाद्या पीसीआय डिव्हाइसची खिडकी तिथे मांडू शकतो. कर्नलच्या दस्तऐवजात हा इशारा स्पष्ट दिला आहे आणि सोबत मेममॅप= वापरायला सांगितले आहे. आमच्या मते पीसीवर राखीव जागेसाठी मेम= वापरूच नये.

मेममॅप= आणि डॉलरचे चिन्ह

पीसीवरचा योग्य पर्याय हा. ‘मेममॅप=१जी$५जी’ याचा अर्थ ५ जीबी या पत्त्यापासून १ जीबी राखीव समज. आधी आकार, मग पत्ता. हा क्रम उलटा लिहिण्याची चूक फार होते. मधले चिन्ह अर्थ ठरवते. डॉलर म्हणजे राखीव, @ म्हणजे ही रॅम आहे असे मान, # म्हणजे एसीपीआय डेटा, आणि उद्गारचिन्ह म्हणजे टिकाऊ मेमरी समजून तिचे /डेव्ह/पीमेम० असे ब्लॉक डिव्हाइस कर. हा पर्याय एआरएमवर चालत नाही.

जागा निवडताना ई८२० नकाशातला एखादा मोठा ‘युजेबल’ पट्टा घ्या आणि आपला तुकडा पूर्णपणे त्याच्या आत बसवा. कडा दुसऱ्या शेऱ्याच्या पट्ट्यात घुसू देऊ नका. आणि ज्या कार्डासाठी हे करतो आहोत ते किती बिटांचे पत्ते बोलते हे आधी तपासा. ३२ बिटांचे कार्ड ४ जीबीच्या वर पोहोचतच नाही. त्याच्यासाठी ५ जीबीवर राखलेली जागा निरुपयोगी आहे.

आता डॉलरबद्दल. ग्रब२ या बूटलोडरमध्ये (कर्नल लोड करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) डॉलर म्हणजे व्हेरिएबलची सुरुवात. ‘$५’ हा ग्रबला रिकामा व्हेरिएबल वाटतो, तो गिळला जातो आणि कर्नलला ‘मेममॅप=१जीजी’ मिळते. कर्नल सुरुवातीचा १ जीबी वाचतो, पुढे ओळखीचे चिन्ह नाही हे पाहतो, आणि मेम=१जी दिल्यासारखा वागतो: १ जीबीच्या वरची सगळी रॅम काढून टाकतो. १ जीबी राखायला गेलो आणि नेमका तेवढाच हाती उरला. त्याऐवजी ६४ एमबी राखत असतो तर कर्नलला ६४ एमबीच मिळाले असते, आणि आजचे कोणतेही डिस्ट्रिब्युशन तेवढ्यात उभे राहत नाही. ‘मेममॅप दिल्यावर मशीन सुरूच होत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते.

उपाय असा की /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये दुहेरी अवतरणात लिहिताना डॉलरच्या आधी तीन उलट्या तिरप्या रेघा द्यायच्या: ‘मेममॅप=१जी\\\$५जी’. ही फाइल आधी शेल वाचते. तिथे तिनाची एक रेघ उरते. ती एक ग्रब खाऊन टाकतो आणि कर्नलपर्यंत नुसता डॉलर पोहोचतो. मग ग्रबची कॉन्फिगरेशन फाइल नव्याने तयार करायची. काही डिस्ट्रिब्युशनांत कर्नलचे पर्याय वेगळ्या फाइलींत असतात आणि तिथे रेघांची संख्या बदलते. म्हणून तीन की दोन या वादात न पडता, पहिल्यांदा ग्रबच्या मेनूत ई दाबून हाताने ओळ बदलून पाहावी (तिथे एकच रेघ पुरते), आणि बूट झाल्यावर /प्रोक/सीएमडीलाइन वाचावे. तिथे डॉलर दिसला तरच पुढे जावे.

यानंतर डीमेसगमध्ये ‘युजर-डिफाइन्ड फिजिकल रॅम मॅप’ अशी ओळ येते आणि खाली बदललेला नकाशा. रूट होऊन /प्रोक/आयओमेम पाहिले की १४००००००० ते १७एफएफएफएफएफएफएफ हा पट्टा ‘रिझर्व्ह्ड’ दिसायला हवा. रूट नसाल तर सगळे पत्ते शून्य दिसतात. राखीव जागा लागली नाही असा समज तेवढ्यावरून करून घेऊ नका.

खराब रॅमसाठी हाच उपयोग

ज्या लॅपटॉपची रॅम बोर्डालाच डाग देऊन जोडलेली असते, तिथे एखादा बिट बिघडला तर पट्टी बदलण्याची सोय नसते. मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम बूटच्या वेळी चालवून चुकणारे पत्ते टिपून घ्यावेत, निदान दोन-तीन पूर्ण फेऱ्या. समजा चूक १३ए५सी७एफ४० या हेक्स पत्त्यावर येते. ४ केबीचे एकच पेज सोडण्यापेक्षा आजूबाजूचा १ एमबी सोडावा, कारण शेजारचे सेलही कमकुवत असण्याची शक्यता मोठी असते. शेवटचे पाच हेक्स अंक शून्य केले की एमबीची सीमा मिळते: ‘मेममॅप=१एम$०एक्स१३ए५०००००’. असे अनेक तुकडे स्वल्पविराम देऊन लिहिता येतात.

फर्मवेअरमध्ये ग्राफिक्ससाठीची रॅम किंवा तत्सम काही बदलले, तर ४ जीबीच्या आसपासची विभागणी सरकू शकते आणि तोच सेल नव्या पत्त्यावर येतो. तेव्हा चाचणी पुन्हा करायची. आणि दर फेरीत नवे पत्ते चुकत असतील तर हा उपाय सोडून द्या: तो दोष एका सेलचा नाही, आणि अशा मशीनवरच्या फाइलींचा आधी बॅकअप घ्यावा.

डिव्हाइस ट्री: बोर्डांसाठी खरी जागा

झेडबोर्डकडे परत येऊ. ५१२ एमबी म्हणजे हेक्समध्ये २०००००००, आणि ६४ एमबी म्हणजे ४००००००. वजाबाकी केली की वरच्या ६४ एमबीचा प्रारंभ मिळतो: १सी००००००. डिव्हाइस ट्रीच्या मुळाशी असा नोड लिहायचा:

रिझर्व्ह्ड-मेमरी {
  #ॲड्रेस-सेल्स = <१>;
  #साइझ-सेल्स = <१>;
  रेंजेस;

  नमुने: बफर@१सी०००००० {
    रेग = <०एक्स१सी०००००० ०एक्स०४००००००>;
    नो-मॅप;
  };
};

यातल्या पहिल्या तीन ओळी शोभेच्या नाहीत. ॲड्रेस-सेल्स आणि साइझ-सेल्स यांचे आकडे ट्रीच्या मुळाशी असलेल्या आकड्यांशी जुळावे लागतात, आणि रेंजेस असावेच लागते. तसे नसेल तर कर्नल ‘अनसपोर्टेड नोड फॉरमॅट, इग्नोरिंग’ अशी एक ओळ लिहून संपूर्ण नोड सोडून देतो. बोर्ड बूट होतो, सगळे ठीक वाटते आणि राखीव काहीच नसते. ६४ बिटांच्या बोर्डांवर सेल्स सहसा २ असतात. तिथे रेगमध्ये दोनऐवजी चार आकडे लागतात. ३२ बिटांच्या बोर्डाचा नोड जसाच्या तसा उचलून चिकटवला की इथेच अडकायला होते.

पत्ता कोणताही चालत असेल तर रेगऐवजी साइझ आणि अलाइनमेंट द्यावे. हवी तर अलॉक-रेंजेसने हद्द घालावी. पट्टा मात्र २ एमबीच्या पटीत सुरू व्हावा आणि संपावा. कर्नल आपली रॅम मोठ्या ठोकळ्यांनी मॅप करतो, आणि मधेच ठोकळा फोडायला लावणे कुणाच्याच हिताचे नाही.

आता ‘नो-मॅप’ हा शब्द. हा नसेल तर पट्टा पहिल्या प्रकारचा, म्हणजे पोटखराब्यासारखा होतो: बडीला तो मिळत नाही, पण कर्नलच्या लिनिअर मॅपमध्ये (कर्नलने स्वतःसाठी केलेल्या रॅमच्या सलग मॅपिंगमध्ये) तो कॅशेसह मॅप केलेला राहतो. कोणीही त्याला जाणूनबुजून हात लावणार नाही, हे खरे. पण प्रोसेसर पुढचे अंदाज बांधून मॅप केलेल्या कुठल्याही पत्त्यावरून ओळी कॅशेत ओढू शकतो. त्याच पट्ट्याला आपण दुसरीकडून कॅशेविना मॅप केले, तर एका फिजिकल जागेला दोन विसंगत मॅपिंगे होतात, आणि एआरएमची वास्तुरचना अशा वेळी सुसंगतीची हमी देत नाही. पट्टा सिक्युअर वर्ल्डचा असेल तर नुसत्या अंदाजी वाचनानेही बस एरर येऊन कर्नल कोसळू शकतो. म्हणून दुसरे कोणी मालक असलेल्या प्रत्येक पट्ट्याला नो-मॅप लावा. एआरएमवर कर्नल आपल्याच मॅप केलेल्या रॅमवर आयओरीमॅप (फिजिकल पत्ता ड्रायव्हरला वापरता यावा म्हणून मॅप करणारे फंक्शन) करू देत नाही. ‘राखीव तर केले, मग आयओरीमॅप नल का देतो’ या कोड्याचे उत्तर त्यातच आहे.

ड्रायव्हरच्या नोडमध्ये ‘मेमरी-रीजन = <&नमुने>’ लिहिले की तो पट्टा त्या ड्रायव्हरच्या नावे होतो, आणि पत्ता सी कोडमध्ये पुन्हा कोरावा लागत नाही. हा मेम= वरचा मोठा फायदा. उद्या १ जीबीचा बोर्ड आला तर बदल एकाच फाइलीत होतो.

कर्नलचे पटले तरी बूटलोडर उरतोच. अशा बोर्डांवरचा यू-बूट हा बूटलोडर सुरू झाल्यावर स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला हलवतो, आणि इनिटआरडी व डिव्हाइस ट्रीही वरच्या बाजूला नेण्याची त्याची सवय आहे. आपण नेमके तेच टोक राखले आहे. इनिटआरडी राखीव पट्ट्यात जाऊन पडला तर डीमेसगमध्ये राखीव जागा मिळाली नाही किंवा एकमेकांवर आली अशी तक्रार येते. यू-बूटमधले इनिटआरडी_हाय आणि एफडीटी_हाय हे व्हेरिएबल राखीव पट्ट्याच्या खाली आणावेत. आणि रीबूटनंतर डेटा टिकायला हवा असेल तर वरचे टोक निवडूच नये, किंवा पीरॅम या सोयीने यू-बूटलाही तेवढी जागा सोडायला लावावे. लिनक्सने शब्द पाळला, पण त्याच्या आधी चालणाऱ्याने तो दिलेलाच नव्हता, असे इथे घडते.

सीएमए: खंडाने दिलेली जमीन

६४ एमबी कायम रिकामे ठेवणे लहान बोर्डाला जड जाते. कॅमेरा दिवसातून एकदाच चालत असेल तर उरलेला वेळ ती रॅम वाया जाते. यावरचा उपाय २०१२ मध्ये ३.५ या आवृत्तीत कर्नलमध्ये आला. बूटच्या वेळी पट्टा ठरतो, पण त्यात हलवता येण्याजोगी पेजेस ठेवायला परवानगी असते. ड्रायव्हरने बफर मागितला की कर्नल ती पेजेस दुसरीकडे हलवतो आणि पट्टा मोकळा करून देतो. कमांड लाइनवर ‘सीएमए=६४एम’ दिले की झाले; डिव्हाइस ट्रीत हवे असेल तर कम्पॅटिबलमध्ये शेअर्ड-डीएमए-पूल आणि सोबत रीयुजेबल. रीयुजेबल आणि नो-मॅप एकत्र लिहिता येत नाहीत, आणि तिन्ही प्रकारांतला फरक लक्षात असला तर ते का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आकार काढताना हिशेब करा. १९२० × १०८० ची एक फ्रेम, दर पिक्सेलला ४ बाइट धरल्यास ८२,९४,४०० बाइट होते, म्हणजे बरोबर २,०२५ पेजेस. तीन बफर म्हणजे सुमारे २४ एमबी. कर्नलच्या कॉन्फिगरेशनमधले मूळ मूल्य १६ एमबी आहे, म्हणजे तिसरा तर सोडाच, तीनांतले दोनही बफर जेमतेम बसतात. लॉगमध्ये ‘सीएमए_अलॉक: अलॉक फेल्ड’ ही ओळ आली तर तिथला मागणीचा आकडा बाइटमध्ये नसून पेजेसमध्ये असतो, ४ केबीने गुणून वाचा. शेवटी −१२ असेल तर पुरेशी सलग जागा नाही. −१६ असेल तर जागा आहे पण कोणीतरी ती सोडत नाही.

हा दुसरा प्रकार कुळासारखा आहे: खंडाने दिली, आता उठायला तयार नाही. डायरेक्ट आयओ (फाइल कॅशे टाळून थेट डिस्कशी होणारे वाचन-लेखन) किंवा तत्सम कामाने पिन केलेले, म्हणजे जागीच धरून ठेवलेले, पेज हलवता येत नाही, आणि पट्ट्यात असे एक पेजही मध्यावर असले तर सलगता मोडते. दीर्घकाळ पिन होणार असे माहीत असेल तर कर्नल ते पेज आधी सीएमएबाहेर नेतो, तरी अल्पकाळ अडकलेली पेजेस राहतातच. शिवाय पेजेस हलवायला वेळ लागतो, आणि किती लागेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून ज्या कामात उशीर चालत नाही, तिथे बफर बूट झाल्याबरोबर मागून घ्यावा आणि शेवटपर्यंत सोडू नये. नाहीतर सरळ राखीव पट्टा घ्यावा. /प्रोक/मेमइन्फोमध्ये सीएमएटोटल आणि सीएमएफ्री या दोन ओळी असतात, पण सीएमएफ्री मोठा दिसला म्हणजे तेवढा सलग तुकडा मिळेलच असे नाही.

आणखी काही तयार सोयी

क्रॅशकर्नल= हा केडम्पसाठीचा राखीव पट्टा. मुख्य कर्नल कोसळल्यावर दुसरा छोटा कर्नल त्यात उभा राहतो आणि उरलेल्या मेमरीची प्रत काढतो. ‘क्रॅशकर्नल=२५६एम’ इतके लिहिले तरी जागा कर्नल निवडतो, आणि जास्त झाली तर /सिस/कर्नल/केएक्सेक_क्रॅश_साइझमधून चालू मशीनवरही कमी करता येते. १ जीबीची ह्यूजपेजेस बूटच्याच वेळी मागणे शहाणपणाचे. ती सलग असतात, पण पत्ता आपण ठरवत नाही. २०२४ मध्ये आलेला रिझर्व्ह_मेम= हा पर्याय आकार, अलाइनमेंट आणि एक नाव घेतो, उदाहरणार्थ ‘रिझर्व्ह_मेम=१२एम:४०९६:ट्रेस’, आणि रॅमऊप्स ते नाव वापरून क्रॅशच्या नोंदी तिथे ठेवतो. पुढच्या बूटला तोच पत्ता मिळेल अशी हमी त्यात नाही, मिळाला तर उत्तम. आणि फर्मवेअर दर बूटला रॅम पुसत असेल तर कोणताच पर्याय नोंदी वाचवू शकत नाही.

पट्टा मिळाला, आता वापरायचा कसा

चाचणीसाठी सगळे जण /डेव्ह/मेम (फिजिकल मेमरी फाइलसारखी दाखवणारे डिव्हाइस) उघडून एममॅप करतात. कर्नलमधला स्ट्रिक्ट_डेव्हमेम हा पहारा सिस्टिम रॅमला हात लावू देत नाही, पण राखीव पट्टा त्या नावाखाली नसल्याने तो उघडतो. सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक डिस्ट्रिब्युशनांत लॉकडाउनमुळे /डेव्ह/मेमच बंद असते. उत्पादनात जाणाऱ्या वस्तूत मात्र छोटा ड्रायव्हर लिहावा. /डेव्ह/मेमने ऑफसेटचा एक अंक चुकला तरी तो बिनतक्रार भलत्याच जागी लिहितो.

ओ_सिंक देऊन उघडले की मॅपिंग कॅशेविना होते. झिंकच्या एचपी पोर्टवरून (एफपीजीएपासून रॅमकडे जाणाऱ्या वाटेवरून) एफपीजीए लिहितो तेव्हा प्रोसेसरच्या कॅशेला त्याची खबर नसते, म्हणून कॅशेविना वाचणे बरोबर ठरते, पण ते कित्येक पटींनी हळू असते. ६४ एमबी असे वाचून डिस्कवर लिहायला बसलात तर नमुने येण्याचा वेग आणि रिकामे होण्याचा वेग जुळत नाही. पर्याय दोन: एसीपी पोर्ट वापरायचा, जो कॅशेशी सुसंगत आहे, किंवा कॅशेसह मॅप करून दर बफरपूर्वी तेवढ्या ओळी ड्रायव्हरमधून अवैध करायच्या. पीसीवर ही काळजी नसते, तिथे पीसीआयचे डीएमए कॅशेशी सुसंगत असते. म्हणून कर्नलमध्ये आयओरीमॅपऐवजी मेम-रीमॅप हे फंक्शन राइट-बॅक (कॅशेसह) पद्धतीने वापरावे.

पीसीवर वेगळा अडथळा आयओएमएमयूचा. तो चालू असेल तर कार्डाने उच्चारलेला ५ जीबी हा पत्ता फिजिकल ५ जीबी राहत नाही, आणि लॉगमध्ये डीएमएआर फॉल्टच्या ओळी येतात. ड्रायव्हरने डीएमए_मॅप_रिसोर्स करून मिळालेला पत्ता कार्डाला द्यावा. कमांड लाइनवर ‘आयओएमएमयू=पीटी’ देऊनही बहुधा काम भागते, पण त्याने संरक्षण कमी होते.

डिस्कवर वेगाने लिहायचे म्हणून ओ_डायरेक्टने उघडलेल्या फाइलीला हा पट्टा दिला की ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याची एरर) येतो. प्रोग्रॅमला तो पट्टा वाचता येतो, छापता येतो, मग राइट का नाकारला जातो? डायरेक्ट आयओला बफरच्या प्रत्येक पेजची कर्नलमधली नोंद हाती धरावी लागते. ड्रायव्हरने रीमॅप_पीएफएन_रेंज या फंक्शनने केलेल्या मॅपिंगला कर्नल तशा नोंदींविनाचे मानतो आणि पेज धरू देत नाही. त्या मेमरीचा हिशेब ठेवू नकोस, हे आपणच त्याला सांगितलेले असते. यावर एक मार्ग म्हणजे आधी साध्या बफरमध्ये प्रत काढायची आणि तो ओ_डायरेक्टला द्यायचा. दुसरा, प्रतीचा खर्च परवडत नसेल तर पट्टा टिकाऊ मेमरी म्हणून उद्गारचिन्हाने जाहीर करायचा, किंवा बफर सीएमएतून घ्यायचा. या दोन्हींत पेजच्या नोंदी असतात. ड्रायव्हरने त्या पेजेसनिशीच मॅपिंग करून दिले तर डायरेक्ट आयओ चालते.